बटणापासून मागे जा : ऊर्जास्रोत शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

ऊर्जास्रोतांचा धडा सोपा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे कोळसा, पेट्रोल, डिझेल. उजवीकडे सूर्य, वारा, पाणी. डावीकडचे वाईट, उजवीकडचे चांगले. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तसंच लिहितात, आणि एका तासिकेत धडा उरकतो.

पहिली चार-पाच वर्षं मीही असंच शिकवलं. तेही पाटण तालुक्यात, जिथे एकीकडे कोयनेचं धरण आणि दुसरीकडे वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या. मग एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, पाण्याची वीज चांगली ना? मग आमच्या आज्याचं गाव का बुडवलं?" मला उत्तर देता येईना. फळ्यावरच्या दोन रकान्यांत त्याच्या आज्याच्या गावाला जागाच नव्हती.

तेव्हापासून मी हा धडा उलटा शिकवतो. वर्गातल्या बटणापासून सुरुवात करायची आणि तारेचा माग काढत मागे जायचं. प्रत्येक ठिकाणी थांबून दोनच प्रश्न विचारायचे : इथे काय जळतंय किंवा काय फिरतंय? आणि त्याची झळ कोणाला लागते? सहावी ते आठवीच्या वर्गाला सहा तासिका पुरतात. पाचही चालतील, पण शेवटची कापू नका.

आधी जमवाजमव

खर्च जवळपास काहीच नाही. शाळेचं वीजबिल, मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर, लाल रंगाचे दोन-तीन एलईडी, शिवणकामाचा दोरा, काटा (किराणा दुकानातला चालेल), महाराष्ट्राचा नकाशा आणि दगडी कोळशाचा एक तुकडा. कोळसा लोहाराकडे मागा. इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो लाकडी कोळसा, आणि हा फरक मुलांना हाताने कळला पाहिजे. एक हलका, बोटाने चुरणारा. दुसरा जड आणि चकाकणारा.

एक गोष्ट मात्र टाळा : मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगू नका. मी सांगितलं होतं. दोन मुलं दोन दिवस शाळेत आली नाहीत. एकाच्या घरी मोठी थकबाकी होती आणि दुसऱ्याच्या घरी मीटरच नव्हता, आकडा टाकलेला होता. शाळेचं बिल वापरा, नाहीतर स्वतःचं.

पहिली पायरी : एक युनिट अंगावर घ्या

व्याख्या नंतर. आधी जिना. शाळेला वरचा मजला असेल तर एका मुलाला वर चढायला लावा आणि त्याचं वजन विचारा. समजा ४० किलो. जिन्याची उंची साधारण ३ मीटर. फळ्यावर गुणाकार : ४० × १० × ३, म्हणजे १२०० ज्यूल. (गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० धरा. इथे दशांशात अडकलात तर वर्ग हातचा गेला.)

आता सांगा की एका युनिटमध्ये, म्हणजे एका किलोवॉट-तासात, ३६ लाख ज्यूल असतात आणि भागाकार त्यांनाच करू द्या. उत्तर येतं ३०००. एका युनिटसाठी हा जिना तीन हजार वेळा चढायचा! वर्गात गलका होतो, तो होऊ द्या. जिना नसेल तर कळसूबाई घ्या. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण ९०० मीटर चढण आहे, म्हणजे ४० किलोच्या मुलाने दहा वेळा कळसूबाई चढली की एक युनिट. आणि हेच युनिट आपल्याला वडापावपेक्षा स्वस्त पडतं. ७५ वॉटचा जुना पंखा साडेतेरा तासांच्या आत ते संपवतो.

ही एक तासिका नीट झाली तर 'वीज जपून वापरा' हे वाक्य तुम्हाला उच्चारावंही लागत नाही. घोषवाक्यांचे तक्ते मी भिंतीवरून काढून टाकले आहेत, कारण ते वाचत कोणीच नाही.

वेळ उरला तर मीटरजवळ न्या. फक्त बघायला, हात लावायला नाही. नव्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. सगळं बंद केलं की दिवा जवळजवळ थांबतो. एक पंखा लावला की दर पंधराएक सेकंदांनी एकदा. ऑफिसातली हजार वॉटची शेगडी लावली की साधारण सेकंदाला एकदा, घड्याळाच्या काट्यासारखा. मुलं तिथून हलत नाहीत.

दुसरी पायरी : बिल

यावर अर्ध्या तासिकेपेक्षा जास्त वेळ घालवू नका. मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख दाखवा, उन्हाळ्यातला उंच खांब कशामुळे ते विचारा. वापर वाढला की पुढच्या टप्प्यातलं युनिट महाग होतं, हे तुमच्या स्वतःच्या घरच्या बिलाच्या दरपत्रकात दिसतं. 'इंधन समायोजन आकार' या ओळीवर बोट ठेवा. इंधन महागलं की ही ओळ फुगते. वर्गातल्या पंख्याचा आणि शेकडो किलोमीटर दूरच्या कोळसा खाणीचा संबंध याच ओळीत आहे, आणि पुढच्या पायऱ्यांना ही कडी उपयोगी पडते.

तिसरी पायरी : फिरवणारा कोण?

खेळण्यातल्या मोटरला सेल लावला की ती फिरते, हे मुलांना ठाऊक असतं. आता सेल काढा. मोटरच्या दोन तारा एलईडीच्या दोन पायांना जोडा, आसाला दोरा गुंडाळा आणि भोवऱ्याची जाळी ओढावी तसा झटक्यात ओढा. एलईडी क्षणभर चमकतो. नाही चमकला तर पायांची अदलाबदल करा, कारण एलईडी एकाच दिशेने चालतो. एलईडी लालच घ्या. पांढऱ्याला जास्त व्होल्टेज लागतं, तो पेटत नाही आणि प्रयोग फसल्याची बोंब होते. खिडक्या बंद करून वर्गात अंधार केलात तर उत्तम.

मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये हे तत्त्व दाखवलं आणि आजही बहुतेक वीजकेंद्रं हेच करतात : काहीतरी फिरवतात. प्रश्न एवढाच उरतो की दोरा कोण ओढतंय. कोळसा जाळून केलेली वाफ ओढते. तारापूरला अणूच्या विखंडनातून निघालेल्या उष्णतेची वाफ ओढते. कोयनेला वरून कोसळणारं पाणी, पठारावर वारा, आणि साखर कारखान्यात उसाचा चोथा जाळून केलेली वाफ. कराडकडच्या मुलांना कारखान्याचं धुराडं रोज दिसतं, पण तिथे साखरेबरोबर वीजही होते हे अनेकांना माहीत नसतं. वाफेचा जोर दाखवायला वर्गात कुकर वगैरे आणू नका. घरची शिट्टी कशाने उडते, एवढं विचारलं तरी पुरतं.

या यादीत न बसणारी म्हणजे सौर पॅनल. तिथे काहीच फिरत नाही. हे दाखवायला मी एकदा मोठ्या ऐटीत सौर कॅल्क्युलेटर आणला, त्याच्या काळ्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "बघा, आता बंद पडेल." पडला नाही. आत बटणाएवढा सेलही होता. मुलं खूश. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये असा सेल असतो, तेव्हा घरी आधी तपासून घ्या. सौर कंदिलाचं सुटं पॅनल मिळालं तर सगळ्यात बरं : उन्हात धरा, सावलीत धरा, त्यावर धूळ टाका.

इथेच एक गैरसमज काढून टाका. वीज हा ऊर्जेचा स्रोत नाही. ती वाहून नेणारी आहे, पोस्टमनसारखी. पत्र कोणी लिहिलं हा वेगळा प्रश्न. हे पटलं की विजेच्या स्कूटरवर 'प्रदूषणमुक्त' लिहिलेलं दिसल्यावर मुलं आपण होऊन विचारतात, "चार्जिंगची वीज कुठली?"

चौथी पायरी : नकाशावर फिरा

याला दोन तासिका द्या. सगळा जीव इथे आहे. नकाशा भिंतीवर लावा, दोऱ्याचं एक टोक तुमच्या गावावर टाचा आणि दुसरं एकेका ठिकाणी न्या. ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, सगळ्यांची वीज एकत्र होते, त्यामुळे आपल्या दिव्यातली वीज नेमकी कुठली हे सांगता येत नाही. एका पाटात चार विहिरींचं पाणी सोडलं तर आपल्या सरीत कुठल्या विहिरीचं आलं ते कसं सांगणार? हे आधीच स्पष्ट करा.

चंद्रपूरपासून सुरू करा. तिथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. आता काट्यावर ७०० ग्रॅम कोळसा तोला, कमी असेल तर उरलेलं वजन दगडाने भरा. कोळशाच्या प्रतीनुसार एका युनिटला साधारण ६०० ते ८०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. मग राखेचा ढीग किती होईल, ते मुलांना काढू द्या. ती राख तलावात साठवतात, तिच्या विटा होतात, सिमेंटमध्ये घालतात, आणि वाऱ्यावर उडाली की आसपासच्या गावांच्या वाळवणावर आणि छातीत बसते.

कार्बन डायऑक्साइड? एका युनिटमागे साधारण एक किलो. इथे एखादं हुशार पोर हात वर करतंच : "सातशे ग्रॅम कोळशातून एक किलो वायू कसा?" या प्रश्नासाठी दहा मिनिटं राखून ठेवा. १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. वजन हवेतून आलं. कोणीच हात वर केला नाही तर तुम्हीच विचारा.

औष्णिक केंद्राचा फोटो दाखवताना आणखी एक मौज. जाडजूड, कमरेत निमुळत्या बुरुजांतून पांढरे ढग निघतात, त्याला सगळे 'धूर' म्हणतात. वर्तमानपत्रंही प्रदूषणाच्या बातमीला तोच फोटो छापतात. ते शीतलन मनोरे, आणि तो ढग पाण्याच्या वाफेचा. धूर निघतो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून, आणि तो पुष्कळदा नीट दिसतही नाही. तो पांढरा ढग म्हणजे खर्ची पडलेलं पाणीच. परळी वैजनाथला दुष्काळात, २०१५ मध्ये, पाण्याअभावी वीजसंच बंद ठेवावे लागले. कोळशाला पाणी लागतं, हे मराठवाड्यातल्या मुलांना लगेच समजतं.

मग कोयना. चार टप्पे मिळून १९६० मेगावॉट. नकाशावर बोट फिरवून दाखवा : कोयनेचं पाणी मूळचं कृष्णेला मिळून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारं. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून त्यातलं काही पश्चिमेला वळवलं. पोफळीला ते साधारण ४७५ मीटर खाली कोसळतं आणि पुढे वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी एवढ्या उंचीवरून रिकामी केली तर किती ज्यूल? १००० × १० × ४७५. साडेसत्तेचाळीस लाख. थोडी नासाडी धरली तरी साधारण एक युनिट पदरात पडतं. जिना आणि टाकी या दोन गणितांची गाठ पडली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

धूर नाही, राख नाही. शिवाय हे केंद्र काही मिनिटांत सुरू करता येतं. औष्णिक संचाचं तसं नाही, तो तापायला तास लागतात. म्हणून संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे लागले की कोयनेची मदत घेतात. आता दुसरा प्रश्न, झळ कोणाला? शिवसागर जलाशयाखाली गावं गेली, माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरपर्यंत पांगली, आणि पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन पुढच्या पिढ्याही मोर्चे काढताहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप जलाशयाशी जोडला जातो, हेही सांगा. पण 'धरणाने भूकंप केला' इतकं सोपं करू नका. जमिनीत ताण आधीच असावा लागतो, पाण्याच्या भाराने आणि आत मुरणाऱ्या पाण्याने तो मोकळा होतो. पुणे-मुंबईकडच्या शाळांनी कोयनेऐवजी मुळशी घ्यावी. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच, आणि १९२७ पासून भिऱ्याहून मुंबईला वीज जाऊ लागली. वीज एकीकडे आणि विस्थापन दुसरीकडे, हे तेव्हापासून आहे.

पवनचक्क्यांच्या वेळी आमच्या वर्गात एक वाक्य हमखास येतं : "पवनचक्क्यांनी पाऊस पळवला." घरी ऐकलेलं असतं, आणि ढग पात्यांमध्ये अडकलेले मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. हसू नका. हसलात की मूल घर आणि शाळा यांपैकी एकाची बाजू घेतं, आणि शाळा हरते. मी विचारतो, पात्याचं टोक किती उंच? पावसाचा ढग किती किलोमीटर जाड? मग तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे पवनचक्क्या येण्याआधीचे आणि नंतरचे आकडे आणून आलेख काढायला लावतो. कमी-जास्त पावसाची वर्षं दोन्हीकडे सापडतात. खऱ्या झळा वेगळ्या असतात : पठारावर फोडलेले रस्ते, जवळच्या घरांना पात्यांचा घुमणारा आवाज, पक्ष्यांची धडक. आणि वारा पडला की पाती थांबतात. आमच्याकडे वाऱ्याचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यात.

तारापूरवर कमी वेळ पुरतो. १९६९ पासून चालू, धूर नाही, जागा थोडी. उरतो तो किरणोत्सारी कचरा, जो पिढ्यानपिढ्या सांभाळावा लागतो, आणि पोफरण-अक्करपट्टीसारखी हलवलेली गावं.

चूल मात्र विसरू नका. बहुतेक शिक्षक विसरतात, कारण ती 'वीज' नाही. मुलांना विचारा, आंघोळीचं पाणी कशावर तापतं? उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, सिलिंडर घरोघरी पोचले, पण भरून आणायला पैसे लागतात. त्यामुळे चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत आहे. स्टीलची ताटली मेणबत्तीच्या ज्योतीत पाच सेकंद धरा आणि काजळी बोटाने पुसायला द्या. हेच आईच्या छातीत रोज जातं. सरपण पुन्हा उगवतं, म्हणजे नूतनीकरणक्षम. तरी ते जाळणाऱ्या बाईला त्याचा त्रास होतोच. फळ्यावरची ती उभी रेघ इथे पुसावी लागते, आणि ती पुसायला मी मुलांनाच बोलावतो.

शब्दांचा गुंता

पुस्तकात 'पारंपरिक–अपारंपरिक' आणि 'नूतनीकरणक्षम–अनूतनीकरणक्षम' अशा दोन जोड्या येतात आणि मुलं त्या एकच समजतात. लाकूड पारंपरिक आहे आणि नूतनीकरणक्षमही. युरेनियम अनूतनीकरणक्षम, पण धूर नाही. चार चौकोनांचा तक्ता करून प्रत्येक स्रोत त्यात बसवायला लावा. परीक्षेतही उपयोग होतो, हे पालकांना सांगायला बरं.

आणि घाबरवू नका. 'पृथ्वी संपणार' असं ऐकून आठवीचं पोर काय करणार? कोणाचा बाप वीजकेंद्रात नोकरीला असतो, कोणाचा ट्रकवर. त्यांना गुन्हेगाराची मुलं वाटता कामा नये.

शेवटची पायरी : ग्रामसभा

वर्गाची ग्रामसभा भरवा. प्रस्ताव असा : गावच्या वीस एकर गायरानावर सौर प्रकल्प बसवायचा. कल्पना हवेतली नाही, शेतीला दिवसा वीज देण्याच्या 'सौर कृषी वाहिनी' योजनेसाठी सरकारी गायरानं खरोखर वापरली जातात. वीस एकरांत चार-पाच मेगावॉट बसतात. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटा : सरपंच, प्रकल्पवाले, रात्रीच्या पाळीच्या विजेला कंटाळलेला शेतकरी, मेंढपाळ, गायरानातून सरपण गोळा करणारी बाई, तलाठी. ज्याला जी भूमिका मिळाली त्याने तीच निभवायची, स्वतःचं मत बाजूला ठेवायचं. अट एकच : प्रत्येकाने मागच्या तासिकांतला एक तरी आकडा बोलण्यात आणायचा. नाहीतर भाषणं होतात.

गेल्या वर्षी शेतकरी झालेला मुलगा खरंच पोटतिडकीने बोलला. रात्री दोनला मोटर चालू करायला त्याचा बाप बॅटरी घेऊन उसात जातो, सापाची भीती असते, दिवसा वीज मिळाली तर तो झोपेल तरी. सभा त्याच्या बाजूने झुकली. तेवढ्यात मेंढपाळ झालेली मुलगी उभी राहिली. "पॅनलच्या खाली गवत उगवतं का?" प्रकल्पवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उगवतं, ते कापायला माणसं लावावी लागतात. "मग माणसं कशाला?" ती म्हणाली, "माझी मेंढरं सोडा की." सरपंचाने विचारलं, मेंढरांनी वायरी कुरतडल्या तर? तारा किती उंचीवर बांधायच्या, पॅनल किती फूट वर उचलायचे, त्याचा वाढीव खर्च कोणी द्यायचा, यावर जी जुंपली ती घंटा झाली तरी थांबेना. पुढची तासिका गणिताची होती. गणिताचे सर दारात दहा मिनिटं उभे राहिले, आणि मग तेही आत येऊन खर्चाच्या हिशेबात पडले.